लँडस्केप टिंबरची खोली बांधताना: भिंत खाली बसणार आहे, हे धरून चला

अमेरिकेतल्या घरबांधणी सामानाच्या कोणत्याही मोठ्या दुकानाच्या मागच्या अंगणात आठ फूट लांबीच्या हिरवट दांड्यांचे ढीग रचलेले असतात. दोन बाजू सपाट, दोन बाजू गोलसर, आणि किंमत इतर प्रक्रिया केलेल्या लाकडापेक्षा बरीच कमी. फुलझाडांच्या वाफ्यांना कड लावण्यासाठी लँडस्केप टिंबर या नावाने विकले जाणारे हे दांडे एकावर एक रचून परसात अवजारांची छोटी खोली उभारण्याची कल्पना पुष्कळांना सुचते आणि ती चुकीची नाही. काम बिघडते ते क्रमात. ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी अशी खोली बांधली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच होती: पहिल्या उन्हाळ्यानंतर दार अडकू लागले आणि भिंतीत फटी पडल्या. माझ्या पहिल्या खोलीचेही तेच झाले. दार रंधून काढले, तरी महिन्याभरात ते पुन्हा अडकले. शेवटी नीट पाहिले तेव्हा वरून सातव्या थराखाली पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी फट दिसली. भिंत खाली बसू पाहत होती आणि मी खिळ्यांनी घट्ट ठोकलेली दाराची चौकट तिला वरच्या वर तोलून धरत होती.

आपण वीट, चिरा आणि काँक्रीट पाहत वाढलो. भिंत एकदा उभी राहिली की ती हलत नाही, हे आपण गृहीत धरतो. आडव्या लाकडांची भिंत मात्र वाळताना उंचीने कमी होते, आणि पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते.

खालचा हिशेब बाहेरून 100 इंच चौरस, म्हणजे 8 फूट 4 इंच बाय 8 फूट 4 इंच खोलीचा आहे. दांड्याची जाडी 3 इंच आणि रुंदी 4 इंच धरली आहे. दुकानागणिक ही मापे थोडी बदलतात, म्हणून आपला दांडा आधी मोजावा आणि मग आकडे बदलून घ्यावेत.

1. आधी लाकूड ओळखा

लँडस्केप टिंबर हा बहुधा प्लायवूडच्या कारखान्यातला उरलेला गाभा असतो. सदर्न पाइनचा ओंडका फिरवत त्याचे पातळ पापुद्रे सोलून काढले की मध्ये जो दांडा उरतो, त्याच्या दोन बाजू सपाट करून त्यावर दाबाखाली परिरक्षक रसायनाची प्रक्रिया करतात. यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या तिन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली म्हणजे, झाडाच्या अगदी मधले हे लाकूड कोवळ्या वयातले असते, त्यामुळे ते वाळताना पिळ खाते आणि वाकते. दुसरी, पाइनच्या गाभ्यात रसायन नीट शिरत नाही, म्हणून हिरवा रंग आणि संरक्षण बहुतांशी बाहेरच्या भागापुरतेच असते. दांडा कापला, त्याला भोक पाडले किंवा तो वाळून चिरला, की आतले उघडे लाकूड वाळवीला आणि बुरशीला मोकळे होते. तिसरी, हे दांडे भार पेलण्यासाठी प्रतवारी केलेले नसतात. एकावर एक रचलेल्या भिंतीत ते चालतात, कारण प्रत्येक दांड्याला खालून सलग आधार असतो. तुळई, खांब किंवा छपराचा वासा म्हणून मात्र ते कधीही वापरू नयेत.

दांड्याच्या टोकाला लावलेली चिठ्ठी वाचावी. त्यावर वापराचा वर्ग लिहिलेला असतो. यूसी-3बी म्हणजे जमिनीच्या वर, हवेत राहणारे लाकूड. यूसी-4ए म्हणजे मातीला टेकले तरी चालणारे. भिंतीसाठी पहिला वर्ग पुरतो. पायाच्या चौकोनासाठी दुसराच लागतो आणि त्यासाठी लँडस्केप टिंबर न घेता 6×6 (नावाला सहा इंच चौरस) चे चार दांडे वेगळे विकत घ्यावेत.

सावधान: 2003 अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकयुक्त सीसीए हे रसायन सर्रास असे. कोणी जुने दांडे फुकट देऊ केले तर ते घेऊ नयेत. क्रिओसोट या डांबरी तेलात बुडवलेले जुने रेल्वे स्लीपरही नकोत. आणि नवे असो वा जुने, प्रक्रिया केलेल्या लाकडाचे तुकडे शेकोटीत जाळू नयेत, त्यांचा भुसा भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

2. परवानगी आणि जागा

अनेक राज्ये ज्या आदर्श निवासी संहितेवर आपले नियम बेततात, तिच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 200 चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली उपखोलीला बांधकाम परवाना लागत नाही. आधीच्या आवृत्त्यांत ही मर्यादा 120 होती. आपली खोली सुमारे 70 चौरस फुटांची आहे. पण परवाना लागत नाही म्हणजे नियम लागत नाहीत, असे नव्हे. कुंपणापासून किती अंतर सोडायचे हे स्थानिक झोनिंग (जमीनवापराचे नियम) ठरवते, आणि एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर रंग, छप्पर, कधीकधी खोली असावी की नसावी हेसुद्धा ती ठरवते. दोघांचेही उत्तर लेखी घ्यावे. आत वीज न्यायची असेल तर तिचा परवाना वेगळा.

खोदण्याच्या काही कामकाजी दिवस आधी 811 वर, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठे आहेत ते दाखवणाऱ्या सेवेला, फोन करावा. ही सेवा मोफत आहे. माणसे येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचे पाणी, हिरवा सांडपाणी. आपण फक्त सहा इंच खोदणार आहोत, म्हणून हा फोन टाळू नये. इंटरनेटची तार पुष्कळदा तेवढ्याच खोलीवर सापडते.

जागा निवडताना मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन परसात एक फेरी मारावी. पाणी जिथे साचते किंवा जिथून वाहते, ती जागा सोडावी. नॉर्थ कॅरोलायनाच्या पिडमाँट भागातली आमच्याकडची लाल चिकणमाती पाणी दिवसचे दिवस धरून ठेवते.

3. खरेदी, निवड आणि वाळवण

चार भिंतींचे 29 थर, म्हणजे 116 दांडे. दाराच्या भिंतीत तुकडे लागतात म्हणून त्यांतले 8 वाचतात आणि 108 उरतात. निवडीत बाद होणारे धरून 120 ते 125 घ्यावेत. ओला दांडा 30 ते 40 पौंड भरतो, म्हणजे एकूण भार दोन टनांच्या आसपास जातो. घरच्या पिकअपमध्ये तो एका खेपेत न्यायचा नाही, दुकानाकडून घरपोच मागवावा.

दुकानात प्रत्येक दांडा एका टोकाकडून डोळा लावून पाहावा. बाकदार दांडा एक वेळ चालेल, कारण तो दाबून सरळ करता येतो. विमानाच्या पंख्यासारखा पिळलेला दांडा मात्र कशानेही सरळ होत नाही. असे काही पदरात पडलेच तर ते फेकू नयेत, बाजूला ठेवावेत. दाराच्या भिंतीतले आखूड तुकडे त्यांतून निघतील, कारण अडीच फुटांच्या तुकड्यात पिळ जाणवत नाही.

आता जी पायरी जवळजवळ सगळे गाळतात ती. दांडे आणल्या दिवशी बांधायला घेऊ नयेत. जमिनीपासून उंच, सावलीत, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या आडव्या ठेवून ते रचावेत, वरून ताडपत्री घालावी आणि बाजू उघड्या सोडाव्यात. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. ढिगावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून भार द्यावा, म्हणजे वाळताना दांडे वाकणार नाहीत. दोन-तीन महिन्यांनी ओलावामापक टोचून पाहावा. 19 टक्क्यांच्या खाली आकडा आला की काम सुरू करता येते.

तपासणी: रचण्याआधी प्रत्येक दांड्याची जाडी मोजावी आणि टोकावर पेन्सिलीने लिहावी. काही पावणेतीन इंच भरतील, काही सव्वातीनला टेकतील. जाडीप्रमाणे तीन ढीग करावेत. एका थरातले चारही दांडे एकाच ढिगातले असले पाहिजेत. हे केले नाही, तर दहाव्या थरापर्यंत एक कोपरा दुसऱ्यापेक्षा इंचभर वर गेलेला असेल आणि तेव्हा त्यावर उपाय नसतो.

4. पाया: जोते नको, खडीची गादी

जोत्याशिवाय घर ही कल्पना आपल्याला पटायला जड जाते, पण एवढ्या खोलीला काँक्रीटची फरशी अनिवार्य नाही. सुमारे साडेदहा फूट चौरस जागेवरची गवताची साय काढून सहा इंच खोदावे, तळ ठोकून सपाट करावा, त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे आणि स्वच्छ, भुकटी नसलेली खडी दोन थरांत भरून प्रत्येक थर दाबावा. आमच्याकडे ही खडी 57 नंबर या नावाने मिळते. सुमारे दोन घनयार्ड लागते. कापड घातले नाही तर खडी हळूहळू चिखलात बुडते आणि दोन पावसाळ्यांनी गादीचा पत्ता लागत नाही.

खडीवर 4×8×16 इंचांचे भरीव काँक्रीटचे ठोकळे आठ ठिकाणी ठेवावेत: चार कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर. आठही ठोकळे एका पातळीत यावेत म्हणून सरळ फळीवर पाणसळ ठेवून पाहावे आणि खालची खडी कमीजास्त करावी. लाकडाच्या पाचरी मारून पातळी साधू नये. त्या कुजतात किंवा दबतात.

त्यावर 6×6 चा चौकोन येतो. 6×6 दांडा प्रत्यक्षात साडेपाच इंचांचा असतो, म्हणून 94½ इंच लांबीचे चार तुकडे कापून ते फिरकीसारखे लावावेत: प्रत्येक तुकड्याचे एक टोक कोपऱ्यापर्यंत जाते आणि दुसरे टोक शेजारच्या तुकड्याच्या पोटाला भिडते. बाहेरची बाजू 100 इंच होते.

तपासणी: दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही 141 पूर्णांक 7/16 इंच यायला हवेत. पाव इंचाहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नये.

भिंतीचा दांडा 4 इंच आणि पायाचा साडेपाच इंच रुंद, म्हणजे दीड इंचाची कड उरते. ती आतल्या बाजूला राहू द्यावी. बाहेर ठेवली तर तिच्यावर प्रत्येक पावसाचे पाणी थांबेल. आत ठेवली तर तिच्यावर फरशीचे प्लायवूड टेकते. फरशीसाठी यूसी-4ए वर्गाच्या 2×6 तुळया 16 इंचांच्या अंतराने जस्त चढवलेल्या हँगरमध्ये (तुळईचे टोक धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीत) बसवाव्यात आणि त्यांची वरची कड 6×6 च्या पातळीत ठेवावी. प्लायवूड मात्र आत्ता घालू नये. छप्पर होईपर्यंत ते पावसात भिजेल.

5. उभ्या सळया

भिंतीचे थर नुसत्या स्क्रूंवर सोडू नयेत. चारही कोपऱ्यांत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची, पूर्ण आटे असलेली, जस्त चढवलेली सळई पायापासून माथ्यापर्यंत गेली की वादळात छप्पर आणि भिंत एकत्र राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भिंत बसत जाईल तसा वरचा नट आवळून फटी बंद करता येतात.

सळई तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत घ्यावी आणि जोडनटाने वाढवत न्यावी. सुरुवातीलाच आठ फुटी सळई उभी केली तर प्रत्येक दांडा शिडीवर चढून दोन सळयांत ओवत खाली आणावा लागतो. एकदा करून पाहिले की कोणी पुन्हा करत नाही. पहिला तुकडा 6×6 मधून घालून खालच्या बाजूला खळगा करावा, त्यात मोठे वायसर आणि एकमेकांवर आवळलेले दोन नट बसवावेत, म्हणजे सळई फिरणार नाही आणि ठोकळ्यालाही अडणार नाही. अर्थात हे चौकोन ठोकळ्यांवर कायमचा ठेवण्याआधी करायचे आहे.

भोके कोपऱ्यात बाहेरच्या दोन्ही कडांपासून अडीच इंचांवर आणि दाराशी मोकळ्या जागेपासून चार इंचांवर पाडावीत. भोकाचा व्यास 1 इंच ठेवावा, कारण जोडनट त्यातून सरकला पाहिजे. भोकांसाठी प्लायवूडचा एक साचा करून प्रत्येक दांड्यावर तोच लावावा. टेप घेऊन प्रत्येक वेळी नव्याने मोजले, तर पंधराव्या थराला सळई भोकाच्या कडेला घासू लागते.

सावधान: आर्सेनिक गेल्यानंतर आलेली एसीक्यूसारखी रसायने तांब्यावर आधारलेली आहेत आणि ती साध्या पोलादाला खातात. खिळे, स्क्रू, सळई, हँगर, वायसर, सगळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस असावे. चकचकीत, विजेच्या प्रक्रियेने जस्ताचा पातळ थर दिलेले स्वस्त स्क्रू इथे टिकत नाहीत.

6. थर रचणे

दुकानातल्या 96 इंचांच्या दांड्यांत अर्ध्या इंचाचा फरक असतोच. सगळे नेमके 96 इंचांवर आणि काटकोनात कापावेत. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक भोकाला त्याच वेळी कॉपर नॅप्थनेट या परिरक्षकाचे द्रावण ब्रशने पाजावे. “संध्याकाळी सगळ्यांना एकदम लावू” असे म्हटले की ते राहून जाते.

पहिला थर फिरकीसारखा, समजा घड्याळाच्या दिशेने. दुसरा थर उलट्या दिशेने. अशा रचनेत सगळे दांडे पूर्ण लांबीचे राहतात (96 आणि रुंदीचे 4 मिळून बाजू बरोबर 100 इंच होते) आणि कोपऱ्यात दोन भिंती विणीसारख्या एकमेकींत अडकतात. एका थरात पूर्वेच्या भिंतीचा दांडा कोपऱ्यावर येतो, पुढच्यात दक्षिणेचा. ओळीने दोन थर एकाच दिशेने लावले गेले तर तो कोपरा सुटा राहतो. दर वेळी दांडा उचलण्याआधी खालच्या थराकडे पाहावे.

दांड्याचे टोक शेजारच्या दांड्याच्या गोलसर बाजूला भिडते, तिथे वर-खाली बारीक पोकळी राहते. त्या टोकाजवळची गोलाई रंध्याने चार इंच सपाट केली तर सांधा बसतो. मी पहिले तीन थर असे केले आणि नंतर कंटाळून सोडून दिले; त्या वरच्या सांध्यांत पुढे भरण घालावी लागली आणि तिला रंध्यापेक्षा जास्त वेळ गेला.

स्क्रूची निवड इथे निर्णायक ठरते. पाच इंची स्क्रू घ्यावा. त्याचा वरचा अर्धा भाग बिनआट्यांचा असावा आणि आटे फक्त खालच्या दांड्यात धरले जावेत. वरच्या दांड्यात आधी मोकळे भोक पाडावे आणि डोके अर्धा इंच आत बुडवावे. दोन्ही दांड्यांत आटे धरले, तर लाकूड आकसते पण स्क्रू त्यांना त्याच अंतरावर अडकवून ठेवतो आणि फट तिथेच जन्मते. तीन थरांना एकत्र गाठणारा लांब खिळाही याच कारणाने वापरू नये. टोकांपासून तीन-चार इंचांवर एकेक आणि मध्ये सुमारे दोन-दोन फुटांवर, असे पूर्ण दांड्याला पाच आणि तुकड्याला दोन स्क्रू लागतात. एकूण साडेपाचशेच्या वर जातात. ते आधीच आणून ठेवावेत. प्रत्येक थरात स्क्रूची जागा दोन इंच सरकवावी, नाहीतर खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टोक आदळते.

बाकदार दांडा बाक वर ठेवून मांडावा, एका टोकाला स्क्रू लावावा आणि मग शिकंजाने दाबत दुसऱ्या टोकाकडे जावे.

तपासणी: दर चार थरांनी चारही कोपऱ्यांची उंची पायापासून मोजावी. फरक पाव इंचाच्या आत असावा. वाढला असेल तर पुढच्या थरात जाडजूड दांडा कमी उंचीच्या बाजूला घालावा. त्याच वेळी कोपऱ्याला ओळंबा लावून पाहावा आणि सळई भोकात मोकळी हलते ना, हे हाताने बघावे.

7. दाराची मोकळी जागा

दार 36 इंच रुंद जागेत, भिंतीच्या मध्यावर घ्यायचे आहे. पहिल्या थरापासून सव्विसाव्या थरापर्यंत, म्हणजे 78 इंच उंचीपर्यंत भिंत तुटते, आणि वरचे तीन थर सलग जातात. फिरकीच्या रचनेमुळे प्रत्येक थरात एका बाजूला 32 इंचांचा आणि दुसऱ्या बाजूला 28 इंचांचा तुकडा येतो, आणि पुढच्या थरात ते बाजू बदलतात. एकूण प्रत्येकी 26 तुकडे. तेरा दांड्यांतून 32, 32 आणि 28 असे कापावेत आणि उरलेल्या तेरा 28 इंची तुकड्यांसाठी आणखी पाच दांडे घ्यावेत. एका दांड्यातून 32 चे तीन काढू नयेत. करवतीच्या पात्याची जाडी विसरली जाते आणि तिसरा तुकडा पाव इंच आखूड निघतो.

तुकडे रचताना ते झुलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सरळ 2×4 उभा तात्पुरता बांधावा. पंचविसाव्या थरापर्यंत पोचलो की हा आधार काढायचा मोह होतो. सलग थर वर बसेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

आता चौकट. मोकळ्या जागेच्या दोन्ही उभ्या कडांत, तुकड्यांच्या टोकांमध्ये, वरपासून खालपर्यंत दीड इंच रुंद आणि तितकीच खोल खाच पाडावी. चौकटीच्या उभ्या फळीच्या पाठीवर 2×2 ची पट्टी स्क्रूने बसवावी आणि ती पट्टी खाचेत सरकवावी. चौकटीला भिंतीशी जोडणारा दुसरा एकही खिळा किंवा स्क्रू नको. पट्टी चौकटीला आत-बाहेर हलू देत नाही, पण भिंत तिच्या बाजूने खाली सरकू शकते.

चौकटीच्या वर मोकळी जागा सोडावी: दांडे ओले असतील तर 3 इंच, वाळवलेले असतील तर दीड इंच. पाइन वाळताना जाडीत सुमारे दोन ते चार टक्के आकसतो, हा त्यामागचा हिशेब. या फटीत लोकरीसारखे मऊ इन्सुलेशन सैल भरावे आणि बाहेरून एक आडवी फळी अशी लावावी की ती फक्त वरच्या दांड्याला धरलेली असेल व चौकटीवरून पदरासारखी लोंबेल. ही फट कुरूप दिसते म्हणून तिथे लाकूड कोंबणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांचे दार पुढच्या वर्षी अडकते.

खिडकी हवी असेल तर तिलाही हाच नियम. ती पुरेशी खाली घ्यावी, म्हणजे वर किमान तीन सलग थर राहतील.

8. छप्पर

29 थर झाले की भिंत 87 इंच उंच होते. त्रिकोणी बाजूसुद्धा लँडस्केप टिंबरने भरत नेण्याची चूक करू नये. तसे केले तर मधला भाग बाजूच्या भिंतींपेक्षा जास्त उंच, म्हणून जास्त आकसणारा होतो आणि आढे खाली येऊन छपराचा उतार बदलतो. त्याऐवजी 2×4 च्या पाच कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जमिनीवर एकाच साच्यात बनवून सुमारे दोन-दोन फुटांवर ठेवाव्यात. कैचीची खालची आडवी पट्टी भिंतींना बाहेर ढकलू देत नाही, आणि दोन्ही बाजूच्या भिंती सारख्याच उंचीच्या असल्याने सगळे छप्पर एकसारखे खाली बसते. त्रिकोणी जागा नेहमीच्या फळ्यांनी किंवा पत्र्याने, टोकाच्या कैचीलाच धरून झाकावी. ती खालच्या दांड्यांना खिळू नये.

टोकाच्या कैच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेशी अगदी सरळ ठेवाव्यात. मग सळईचे नट आतल्या बाजूला उघडे राहतात आणि त्यांवर पाना बसतो. हे नट कशाखालीही गाडू नयेत.

वळचण चारही बाजूंनी किमान एक फूट बाहेर हवी. दीड फूट असेल तर उत्तम. या भिंतीचे आयुष्य रसायनापेक्षा वळचणीवर जास्त अवलंबून असते. उतार, फळ्या, डांबरी कागद, शिंगल किंवा पत्रा हे सगळे नेहमीच्या शेडसारखेच करावे. छप्पर पूर्ण झाल्यावर आत 3/4 इंचाचे प्लायवूड घालून फरशी संपवावी.

9. पहिले वर्ष

सळयांचे नट पहिले वर्षभर दर महिन्याला आवळावेत. सहाही नट थोडे थोडे, आळीपाळीने. एकच कोपरा घट्ट केला तर भिंत तिकडे झुकते. पहिल्या उन्हाळ्यात दर वेळी नट अर्धा-पाऊण वळसा सहज फिरेल. दारावरच्या फटीत एका बाजूला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी, म्हणजे भिंत किती बसली ते दिसते.

रंग आणि भरण घाई करून लावू नये. ओल्या लाकडावर रंग धरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहावा, तो आत शोषला जाऊ लागला की मग पाणी झटकणारे स्टेन द्यावे. थरांमधल्या उरलेल्या फटी एक उन्हाळा गेल्यानंतरच, आधी गोल फोमची दोरी दाबून आणि मग ताणले जाणारे सीलंट घालून बुजवाव्यात. पहिल्याच महिन्यात भरलेली भरण भिंत बसताना बाहेर ढकलली जाते. दांड्यांच्या अंगावर लांबीच्या दिशेने चिरा पडतील. त्या भिंतीला कमकुवत करत नाहीत, मात्र वरच्या बाजूला तोंड असलेल्या चिरेत पाणी साचते, म्हणून तेवढ्या चिरांत कॉपर नॅप्थनेट पाजून त्या बुजवाव्यात.

वर्षातून दोनदा गुडघे टेकून पायाचा चौकोन चारी बाजूंनी पाहावा. माती किंवा पालापाचोळा 6×6 ला टेकला असेल तर तो ओढून काढावा. ठोकळ्यांवर मातीच्या बारीक नळ्या वर चढताना दिसल्या तर ती वाळवीची वाट आहे. प्रक्रिया केलेले लाकूड ओलांडून ती वरच्या कैच्यांपर्यंतही पोचू शकते. नळी फोडून आत पांढरे किडे हलताना दिसले, तर त्याच आठवड्यात कीडनियंत्रणवाल्याला बोलवावे.